मुंबईचं आकाश, सकाळची पाळी

सकाळी 7. मुंबईच्या एरिया कंट्रोलमधलं घड्याळ दीड दाखवतंय. विमानवाहतूक यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर चालते. हवामान आणि नोटॅम, म्हणजे उड्डाणासंबंधीच्या सूचना, वाचून मी रात्रपाळीवाल्याच्या मागे उभा राहतो. त्याची विमानं थोडा वेळ नुसती बघायची, मग हेडसेट लावायचा.

7.30. भारताच्या आकाशाचे मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई असे मोठे विभाग आहेत. मुंबईचा अरबी समुद्रावर दूरवर जातो. विभागांचे सेक्टर, काही ठिकाणी उंचीनुसार एकावर एक. मी विमानांशी बोलतो, शेजारी बसलेली प्लॅनर बाकीच्या सेक्टरांशी.

9. दिल्लीहून येणारं विमान छत्तीस हजार फुटांवर, सीमेच्या अलीकडेच माझ्या फ्रिक्वेन्सीवर ‘नमस्कार’ म्हणतं. आवाज आला, विमान अजून माझं नाही. रेघ ओलांडेपर्यंत ते मागच्या कंट्रोलरचं. त्याला विचारल्याशिवाय मी ते वळवायचं नाही, खाली आणायचं नाही. नवशिक्यांना हेच जड जातं. पायलट आपल्याशी बोलतोय म्हणजे विमान आपलंच, असं वाटतं.

10. चहा. स्क्रीनकडे पाठ.

11. पावसाळी ढग सेक्टर बघून उभे राहत नाहीत. तसाच एक ढग टाळायला एका विमानाला वीस मैल डावीकडे जायचंय आणि डावीकडे शेजारचा सेक्टर. ‘थांबा’ म्हणेपर्यंत प्लॅनरने फोन उचललेला असतो.

‘सर, घेतात म्हणाले, पण छत्तीस सोडायची नाही. पस्तीसवर समोरून त्यांचं एक आहे.’

मध्ये उभं अंतर हजार फूट. एकोणतीस ते एकेचाळीस हजारांच्या पट्ट्यात एवढं पुरतं. 2003 च्या आधी इथे दोन हजार लागायचे. विमान आता त्यांच्या हद्दीत, बोलणं माझ्याशी, आणि उंचीला हात लावायचा तर परत फोन. तिकडे हवाई दलाचा सराव चालू असता तर नकारच आला असता. मग उजवीकडून लांबचा वळसा.

12.30. समुद्राचं काउंटर. किनाऱ्यापासून दूर रडार पोहोचत नाही. विमान आपली जागा उपग्रहामार्फत कळवतं, सूचना मजकुराने जातात, म्हणून दोन विमानांत अंतरही कितीतरी जास्त. सीमेवरच्या बिंदूची वेळ आणि उंची पलीकडच्या मस्कत कंट्रोलला आधी कळवायची, वेळ सरकली की पुन्हा. पाण्यावर खूण काहीच नाही, बिंदूला फक्त पाच अक्षरी नाव.

1.30. बदली आली. कोण ढग टाळतंय, कुणाला काय कबूल केलंय, मस्कतला कुठली वेळ कळवायची राहिलीय, सगळं सांगून सही. तरी लगेच उठायचं नाही. तिचे पहिले दोन-तीन कॉल मागे उभं राहून ऐकायचे.