दिवाणखान्यातली बिदागी

गाण्याचे कार्यक्रम भरवणारी लाइव्ह नेशन ही कंपनी आणि तिची तिकीटविक्रीची शाखा तिकीटमास्टर यांच्याविरुद्ध अमेरिकेच्या न्यायखात्याने मे २०२४ मध्ये मक्तेदारीचा जो दावा गुदरला, त्याच्या चर्चेत टेलर स्विफ्टची तिकिटे आणि प्रचंड क्रीडांगणे यांचाच गाजावाजा झाला; परंतु कंट्री, ब्लूज, ब्लूग्रास आणि गॉस्पेल यांच्या मुळांवर पोसलेली कथनप्रधान गीते, ज्यांना तिकडे ‘अमेरिकाना’ म्हणतात, ती गात गावोगाव फिरणाऱ्या कलावंतांच्या चरितार्थाचा प्रश्न त्या गदारोळात बाजूलाच राहिला. या संगीताला १९९९ मध्ये नॅशव्हिल येथे स्वतःची संस्था लाभली, २०१० पासून ग्रॅमीत उत्कृष्ट ‘अमेरिकाना’ अल्बमसाठी स्वतंत्र पारितोषिकही आले. पोटाची तजवीज मात्र तेवढ्याने होत नाही. स्पॉटिफायवर वर्षभरात हजार वेळाही न ऐकल्या गेलेल्या गाण्याला २०२४ पासून एक छदामही मिळत नाही. गायकाने पदरमोड करून छापून आणलेल्या तबकड्या आणि सदरे यांच्या विक्रीवरही पुष्कळ सभागृहे दस्तुरी कापून घेतात, आणि ही वहिवाट इतकी पक्की की आपल्या लहान जागांपुरती ती सोडल्याचे लाइव्ह नेशनने सप्टेंबर २०२३ मध्ये मुद्दाम जाहीर केले.

म्हणून या कलावंतांनी धरलेला गृहमैफलीचा मार्ग मला केवळ रम्य नव्हे, तर न्याय्यही वाटतो. यजमान सोफा भिंतीकडे सरकवतो, शेजाऱ्यांकडून घडीच्या खुर्च्या गोळा करतो आणि तीसचाळीस परिचितांना निमंत्रण धाडतो. मंडळी घरून एकेक पदार्थ करून आणतात, दाराजवळच्या परडीत माणशी पंधरावीस डॉलर ठेवतात, आणि पाऊण-पाऊण तासाच्या दोन भागांत, बहुधा ध्वनिवर्धकाविना, गाणे होते. मध्यंतरात गायक त्यांच्यातच उभा राहून जेवतो. परडीतली सारी रक्कम त्याची, रात्रीच्या मुक्कामाला वरची खोलीही त्याचीच. माणशी वीसप्रमाणे तीस श्रोत्यांचे सहाशे डॉलर होतात, आणि तेही मंगळवार-बुधवारसारख्या, एरवी कोऱ्या जाणाऱ्या दिवशी. पुढच्या रांगेतला श्रोता चार हातांवर असतो. तारेवरून सरकणाऱ्या बोटाची किरकिर आणि कडव्यापूर्वी घेतलेला श्वास त्याला स्पष्ट ऐकू येतात, आणि ज्या गीताचे सारे मर्म शब्दांत आहे, त्याला याहून अनुकूल जागा मिळणे कठीण.

ही कोणाला अलीकडची टूम वाटत असेल, तर त्याने व्हर्जिनियातील पुअर व्हॅलीचा इतिहास पाहावा. ए. पी. कार्टर, त्यांची पत्नी सारा आणि भावजय मेबेल यांची गाणी १९२७ मध्ये ब्रिस्टल येथे प्रथम मुद्रित झाली. पुढे लेस्ली रिडल या कृष्णवर्णीय गिटारवादकाला सोबत घेऊन कार्टर डोंगराळ मुलखात घरोघर गाणी गोळा करीत हिंडले, ते शब्द उतरवून घेत आणि रिडल चाली स्मरणात साठवीत. म्हणजे जे संगीत आज घराकडे परतत आहे, ते मुळात घरांतूनच वेचलेले होते. कार्टर १९६० मध्ये निवर्तले. त्यांना दिलेल्या शब्दाला जागून कन्या जॅनेट हिने १९७४ मध्ये त्यांच्याच जुन्या दुकानात शनिवारच्या मैफली सुरू केल्या, आणि जागा पुरेना तेव्हा शेजारी ‘कार्टर फॅमिली फोल्ड’ हे साधेसे नाट्यगृह उभारले. विजेवरच्या वाद्यांना तेथे मज्जाव होता. मेबेलचा जावई जॉनी कॅश, ज्याच्यासाठी जगातील कोणतेही सभागृह उघडले असते, तो ५ जुलै २००३ रोजी आपले अखेरचे जाहीर गायन करण्यासाठी याच ठिकाणी आला होता.

कायद्याची अडचण आहे, ती लपवू नये. अमेरिकेच्या १९७६ च्या स्वामित्व कायद्यानुसार कुटुंब आणि त्याचा नेहमीचा गोतावळा यांच्या बाहेरचे लोक लक्षणीय संख्येने जमले, तर घरातले गाणेही सार्वजनिक प्रयोग ठरू शकते. म्हणूनच यजमान तिकीट न लावता देणगी घेतात आणि पत्ता होकार कळवणाऱ्यासच देतात. मला अधिक भय वाटते ते दलालीचे. लंडनमध्ये २००९ साली निघालेल्या सोफार साउंड्सने दिवाणखान्यातील मैफलीचा तिकीटबंद धंदा केला, आणि कार्यक्रमांत राबणाऱ्यांना वेतन न दिल्याच्या प्रकरणी २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या कामगार खात्याशी साडेचार लाखांहून अधिक डॉलर देऊन तडजोड केली. गायक आणि श्रोता यांच्यामध्ये हिशेबनीस बसला की परडीचे गल्ल्यात रूपांतर होते.

भारतातून येणाऱ्या गवयांच्या बैठका आपल्या घरी, तळघरात भरवणारी मराठी कुटुंबे अमेरिकेत अनेक आहेत, आणि बैठकीची शिस्त त्यांना कोणी शिकवावी लागत नाही. त्यांना माझी विनंती एवढीच की, आपल्या गावावरून जाणाऱ्या एखाद्या गिटारवाल्यालाही वर्षातून एक संध्याकाळ द्यावी, आणि जमलेली रक्कम पुरतेपणी त्याच्याच हाती ठेवावी.