गिअरबॉक्सची घरघर : बेअरिंग अकाली का झिजते?

सिग्नलला गाडी उभी आहे. गिअर न्यूट्रलमध्ये आहे, क्लचवरचा पाय काढलेला आहे आणि बोनेटखालून एक बारीक घरघर ऐकू येते. क्लच दाबताच ती थांबते. 'गाडी जुनी झाली, आवाज यायचाच,' असे म्हणून बहुतेक जण काच वर करतात. वस्तुतः गिअरबॉक्समधील बेअरिंग झिजू लागल्याची ती बहुधा पहिली सूचना असते आणि त्यामागे वयापेक्षा वंगणाचा दोष अधिक असतो.

बेअरिंग म्हणजे दोन पोलादी कड्या आणि त्यांच्यामध्ये फिरणारे छर्रे किंवा रोलर. गिअरबॉक्समधील शाफ्ट यांच्याच आधारावर फिरतात. छर्रा कडीला अगदी थोड्या जागेत टेकतो आणि सारा भार तेथेच एकवटतो. तेथे धातूला धातू घासू न देणारा तेलाचा पापुद्रा जेमतेम एखाद्या मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा असतो. त्याहून मोठा कण आत शिरला, तर पृष्ठभागावर ओरखडा उमटतो. पुढे त्याच जागी पोलादाचे टवके निघू लागतात.

भाराचे गणितही कठोर आहे. गुस्ताफ लुंडबर्ग आणि आर्विड पाल्मग्रेन या स्वीडिश संशोधकांनी १९४७ मध्ये मांडलेल्या नियमानुसार छर्‍यांच्या बेअरिंगवरील भार दुप्पट झाला, तर त्याचे आयुष्य एक अष्टमांशावर येते. क्षमतेपेक्षा जास्त सामान वाहणे किंवा वेग अगदी कमी असताना वरच्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबून गाडी रेटणे म्हणूनच महागात पडते.

तथापि, सर्वाधिक हानी होते ती तेलाकडील दुर्लक्षामुळे. साधारण मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये तेलाचा पंप नसतो. खालच्या तेलात बुडालेले दातेच ते वर उडवतात. ऑइल सीलमधून थेंब थेंब गळून पातळी खाली गेली, की वरची बेअरिंग कोरडी पडतात. इंजिन ऑइलचा दाब घटला तर डॅशबोर्डवर दिवा लागतो. येथे बहुधा तसा दिवाही नसतो. पार्किंगच्या फरशीवरील तेलाचा डाग हीच काय ती खूण!

पाणी हा दुसरा शत्रू. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईत असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. अशा वेळी तापलेला गिअरबॉक्स पाण्यात एकदम थंड होतो, आतली हवा आकुंचन पावते आणि हवा जाण्यासाठी ठेवलेल्या छिद्रातून पाणी आत खेचले जाते. तेल दुधाळ होते, छर्‍यांवर गंज चढतो. पुरानंतर इंजिनचे तेल आठवणीने बदलणारे अनेकजण गिअरबॉक्सचे तेल मात्र विसरतात आणि काही महिन्यांनी घरघर सुरू होते.

तिसरे कारण दुरुस्तीतच दडलेले असते. नवे बेअरिंग हातोडीने ठोकून बसवले आणि घाव चुकीच्या कडीवर पडला, तर तो छर्‍यांमार्फत दुसर्‍या कडीवर पोहोचतो व तेथे खळगे पडतात. जुन्या बेअरिंगचा कीस न धुता केवळ एक बेअरिंग बदलले, तर तोच कीस नव्याचाही बळी घेतो.

आवाजाची परीक्षा सोपी आहे. क्लच दाबल्यावर थांबणारी घरघर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगकडे बोट दाखवते. उलट, क्लच दाबल्यावरच सुरू होणारा आवाज बहुधा क्लचच्या रिलीज बेअरिंगचा असतो आणि त्यासाठी गिअरबॉक्सच्या आतील भाग उघडावे लागत नाहीत.

वेळीच लक्ष दिले, तर काम बेअरिंगवर भागते. दुर्लक्ष केले, तर शाफ्ट जागेवरून हलू लागतात, दाते नीट जुळत नाहीत, गिअर आपोआप सुटतो आणि अखेर दातेच तुटतात. क्वचित धावत्या गाडीचा गिअरबॉक्स जाम होऊन चाके अडकतात. तेव्हा प्रश्न खर्चाचा न राहता जिवाचा होतो. पुढच्या सर्व्हिसिंगला गिअर ऑइलची पातळी आणि रंग आपल्यासमोर तपासून घेण्याचा आग्रह धरावा, तो यासाठीच.