जीपचा तांबडा दिवा आणि ऑइलचा दाब

संत्र्याचा आंबिया बहार तोडणीला आला की आपल्या भागातल्या जुन्या जीपगाड्यांना पुन्हा जीव येतो. वर्षभर गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली उभी असलेली गाडी बॅटरी चार्ज करून सुरू होते आणि बागेतून डांबरी रस्त्यापर्यंत माल वाहू लागते. २०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला, पण बागेची वाट तीच राहिली, नाल्यातून आणि गोट्यांवरून जाणारी. तिथे जीपच लागते. आणि याच दिवसांत कोणीतरी विचारतेच, "फादर, मीटरवरचा लाल दिवा लागते, पण गाडी तर मस्त चालते. काय करावं?"

आधी इंजिन बंद करावे. तिथल्या तिथे, पुढच्या झाडापर्यंतही न जाता. बाकीचा विचार त्यानंतर.

कारण असे. इंजिनात क्रँक फिरतो तो बेअरिंगला टेकून फिरत नाही. दोहोंच्या मध्ये ऑइलचा पातळ थर असतो, माणसाच्या केसाहूनही बारीक, आणि क्रँक त्या थरावर तरंगत असतो. ऑइल पोचणे बंद झाले की लोखंड बेअरिंगच्या मऊ धातूवर घासते. काही मिनिटांत बेअरिंग जाते आणि इंजिन जॅमही होऊ शकते. शिवाय हा दिवा उशिरा लागतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. त्याचा स्विच साधारणपणे दाब अर्ध्या किलोच्या खाली गेल्यावरच दिवा लावतो. म्हणजे दिवा लागला तेव्हा दाब कमी होऊ लागलेला नसतो, तो जवळजवळ संपलेला असतो. "गाडी तर मस्त चालते" यात काही अर्थ नाही. ऑइल नसलेले इंजिनही पहिली काही मिनिटे मस्तच चालते.

आता दाब कमी का होतो ते पाहू. आपल्यापैकी बहुतेकांच्या बागेत ठिबक आहे, तेव्हा हे समजायला फार सोपे आहे. हेडवरच्या मीटरचा काटा खाली आला की तुम्ही काय पाहता? विहिरीत पाणी आहे का. फुटव्हॉल्व्हची जाळी तुंबली का. पंप झिजला का. बायपास उघडा राहिला का. कुठे नळी फुटली किंवा ड्रीपर निघून भोके मोकळी झाली का. आणि शेवटी, मीटरच तर बिघडला नाही ना. इंजिनातही अगदी हेच आहे. विहीर म्हणजे खालचे ऑइल चेंबर, जाळी म्हणजे पंपाच्या तोंडाची जाळी, बायपास म्हणजे रिलीफ व्हॉल्व्ह, आणि ड्रीपर म्हणजे बेअरिंगमधल्या फटी. बेअरिंग झिजून फट वाढली की पंप कितीही चांगला असला तरी दाब टिकत नाही. पंप ऑइल फक्त ढकलतो. दाब तयार होतो तो पुढच्या अडथळ्यामुळे.

इंजिन बंद केल्यावर गाडी सपाटीवर ढकलून दहा मिनिटे थांबावे, म्हणजे ऑइल खाली उतरते. मग काडी काढून पुसावी, पुन्हा घालून पाहावी. पातळी कमी असेल तर ऑइल भरावे आणि गळती शोधावी. पण पातळी वाढलेली दिसली तर आनंद मानू नये. ऑइल आपोआप वाढत नाही. काडीला डिझेलचा वास येत असेल तर फीड पंपाचा पडदा फाटला असेल किंवा नोझल टपकत असेल. डिझेलने पातळ झालेले ऑइल दाब धरू शकत नाही. रंग दुधाच्या चहासारखा झाला असेल तर रेडिएटरचे पाणी आत शिरले आहे, बहुधा हेड गॅस्केटमधून. या दोन्ही स्थितींत गाडी सुरू न करता दोरीने ओढून आणावी.

काडी ठीक असेल तर वायर पाहावी. चावी फिरवून, इंजिन सुरू न करता, स्विचची वायर काढावी. दिवा विझला पाहिजे. विझला नाही तर वायर कुठेतरी सोलून बॉडीला लागली आहे. उंदरांनी कुरतडलेली वायर जुन्या गाडीत नवलाची नाही. एक उलट परीक्षाही आहे, ती रोज करावी. चावी दिल्यावर, सेल्फ मारण्याआधी, दिवा लागतो का? लागत नसेल तर बल्ब गेला आहे आणि तुम्ही निर्धास्तपणे आंधळे चालला आहात.

यानंतरचे काम म्हणजे मोजणे. माझ्या मते सगळे नुकसान ही पायरी गाळल्यामुळे होते. स्विच काढून त्याच भोकात साधा, सुईचा प्रेशर मीटर बसवतात. ज्या मिस्त्रीकडे तो नाही त्याच्याकडे इंजिन खोलायला देऊ नये. मीटर लावून इंजिन आधी थंड असताना आणि मग चांगले गरम झाल्यावर पाहावे, मंद गतीत आणि रेस देऊनही. जुना ढोबळ नियम असा की दर हजार फेऱ्यांमागे सुमारे १० पौंड, म्हणजे ०.७ किलो दाब असावा. तुमच्या इंजिनाच्या पुस्तकात आकडा असेल तर तोच खरा. महिंद्राच्या जुन्या जीपमध्ये एकच इंजिन नव्हते. आधी विलीजचे पेट्रोल होते, पुढे बी-२७५ ट्रॅक्टरच्या घराण्यातले डिझेल आले, आणि १९८०च्या दशकात प्यूजोच्या परवान्याचे डिझेल. एकाचा आकडा दुसऱ्याला लावू नये.

मीटर बरोबर दाब दाखवत असेल आणि दिवा तरीही लागत असेल तर स्विच खराब आहे, आणि तुम्ही स्वस्तात सुटलात. थंडीत दाब चांगला, पण गरम झाल्यावर मंद गतीत पडतो आणि रेस दिली की चढतो, तर ऑइल पातळ आहे किंवा बेअरिंग आणि पंप झिजू लागले आहेत. थंड आणि गरम दोन्ही वेळी कमीच असेल तर जाळी, पंप किंवा रिलीफ व्हॉल्व्ह यांवर संशय घ्यावा. व्हॉल्व्हखाली एखादा कण अडकून तो उघडा राहतो किंवा त्याची स्प्रिंग बसते. हे काम लहान आहे, म्हणून आधी तेच तपासावे. रेस वाढवली की दाब चढण्याऐवजी काटा थरथरून खाली येतो, तर जाळी तुंबली आहे असे बहुधा समजावे. आणि सिल्लेवानी घाटासारख्या चढावर किंवा तिरप्या उतारावरच दिवा लुकलुकत असेल तर ऑइल थोडे कमी आहे. ते चेंबरच्या एका बाजूला जाते आणि जाळी उघडी पडते.

इथे माझीच चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी नाला ओलांडताना माझ्या जीपचे चेंबर दगडावर आपटले. ऑइल गळले नाही, म्हणून मी विसरून गेलो. पंधरा दिवसांनी दिवा लुकलुकू लागला. एका गॅरेजात दाखवले, तिथे मिस्त्रीने न मोजताच सांगितले, "इंजिन म्हातारं झालं, जाड ऑइल टाका." जाड ऑइल घातले. दुपारी दिवा विझलेला राहू लागला आणि मी समाधानी झालो. पण सकाळी गाडी सुरू केली की दिवा आधीपेक्षा जास्त वेळ लागून राही. ते मी "थंडी आहे" म्हणून सोडून दिले. शेवटी खटखट आवाज येऊ लागला तेव्हा दुसऱ्या मिस्त्रीने चेंबर उतरवले. पोचा थेट पंपाच्या जाळीला जाऊन भिडला होता. ऑइल येण्याची वाट अर्धी बंद, आणि त्या अरुंद वाटेतून मी जाड ऑइल ओढायला लावत होतो. बेअरिंगचा वरचा थर जाऊन आतला तांब्याचा रंग दिसत होता. पोचा वेळीच ठोकून काढला असता तर गॅस्केट आणि नवे ऑइल एवढ्यावर भागले असते. क्रँक ग्राइंडिंगला द्यावा लागला, आणि गाडी ऐन तोडणीत महिनाभर बंद राहिली.

म्हणून दगडावर आपटलेली गाडी खालून जरूर पाहावी. जाड ऑइलाने मीटरचा काटा काही वेळा वर येतो, झीज मात्र भरत नाही. पुस्तकात जो ग्रेड लिहिला आहे तोच घालावा. जुनी जीप विकत घेतानाही हे ध्यानात असू द्यावे. विकणारा ती आधीच गरम करून ठेवत नाही ना आणि तिच्यात जाड ऑइल घातलेले नाही ना, ते पाहावे. शक्य तर गाडी थंड असताना जावे, मग अर्धा तास चालवून मंद गतीतला दाब पाहावा.

गाडीखाली शिरताना नुसत्या जॅकवर विसंबू नये. चाकांना दगड लावावेत आणि चेसिसखाली मजबूत लाकडी ठोकळे ठेवावेत. गरम ऑइल हातावर सांडून भाजले तर तो भाग वीस मिनिटे साध्या वाहत्या पाण्याखाली धरावा. टूथपेस्ट, हळद किंवा शाई लावू नये. फोड मोठा असेल तर दवाखान्यात जावे.

आणि काढलेल्या काळ्या ऑइलाबद्दल. आपल्याकडे ते बैलाच्या सोललेल्या खांद्याला लावतात, वाळवीसाठी झाडाच्या बुंध्यात ओततात. जळक्या ऑइलात कर्करोगाला कारण होणारी द्रव्ये असतात. हातालाही ते फार काळ राहू देऊ नये, साबणाने धुऊन टाकावे. बैलाच्या जखमेला पशुवैद्याचे मलम लावावे, संत्र्याच्या बुंध्याला बोर्डो पेस्ट. काळे ऑइल झाकणाच्या डब्यात जमवून जुने ऑइल गोळा करणाऱ्याकडे द्यावे. विहिरीच्या आसपास ते कधीही ओतू नये.