जुना डबा, नवा डबा : तंबाखू मुरते की बदलते?



पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी, सहामाही प्रेझेंटेशनमध्ये मी एक आलेख दाखवला होता. एका बाजूला तीन वर्षं साठवलेली हळद, दुसऱ्या बाजूला यंदाची ताजी. जुन्या हळदीत कर्क्युमिन बरंच कमी. निष्कर्ष तयारच होता : साठवणीत कर्क्युमिन घटतं. कमिटीतल्या एका मॅडमनी शांतपणे विचारलं, "दोन्ही हळदी एकाच लॉटच्या आहेत का?"

नव्हत्या. जुनी राजापुरी होती, नवी सेलम. फरक वयाचा की जातीचा, हे माझ्या आकड्यांवरून सांगताच येत नव्हतं. आठ महिन्यांचं काम त्या एका प्रश्नात गेलं.

ही चूक नीट समजून घेताना मला सगळ्यात चांगलं उदाहरण सापडलं ते पाइपच्या तंबाखूचं. मी पाइप ओढत नाही आणि तुम्ही ओढावा असंही सुचवत नाही. पण पाइप ओढणारी मंडळी तारखा लिहिलेले सीलबंद डबे वर्षानुवर्षं सांभाळतात आणि "जुना डबा नव्यापेक्षा चांगला लागतो" असं ठामपणे सांगतात. हा दावा कसा तपासायचा? रिसर्च प्रपोजल लिहायला बसणाऱ्या प्रत्येकाने हा व्यायाम एकदा करून बघावा.

आधी डब्यात काय आहे ते बघू

पाइपची तंबाखू म्हणजे बहुतेक वेळा ब्लेंड, म्हणजे वेगवेगळ्या पानांचं मिश्रण. व्हर्जिनिया पान बंद कोठारात गरम हवेवर साधारण आठवडाभरात सुकवतात. त्यात पानातल्या स्टार्चची साखर होते आणि ती साखर वापरली जाण्याआधीच पान मरतं. म्हणून व्हर्जिनियात साखर भरपूर. बर्ली पान मात्र हवेशीर शेडमध्ये कित्येक आठवडे टांगून ठेवतात. पेशी बराच काळ जिवंत राहतात, श्वसनात साखर खर्च होते आणि शेवटी जवळजवळ काहीच उरत नाही. लाटाकिया हे धुरी दिलेलं पान, नाव सीरियातल्या बंदरावरून आलेलं. पेरीक अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात, सेंट जेम्स पॅरिश या छोट्या भागात तयार होते. पान व्हिस्कीच्या पिंपात दाबून स्वतःच्याच रसात सुमारे वर्षभर आंबवतात. म्हणजे पेरीक डब्यात जाण्याआधीच मुरलेली असते.

हे मिश्रण डब्यात बंद झालं की काही आठवड्यांत पानांचा ओलावा आणि वास एकमेकांत मिसळतो. पण याला मुरणं म्हणू नका, हा फक्त समतोल साधला जातोय. खरं मुरणं त्यानंतर सुरू होतं आणि त्यात तीन गोष्टी एकाच वेळी चालू असतात.

पहिली, साखर आणि अमिनो आम्लं यांची संथ अभिक्रिया. पाव भाजताना तपकिरी होतो ती मेलार्ड अभिक्रिया, तीच इथे खोलीच्या तापमानाला वर्षानुवर्षं चालते. तिच्या पहिल्या टप्प्यात अमादोरी संयुगं तयार होतात. पानांच्या साठवणीवरच्या अभ्यासांत साखर आणि अमिनो आम्लं घटलेली आणि ही संयुगं वाढलेली दिसतात. पान गडद होतं ते मुख्यतः यामुळे.

दुसरी, मोठ्या रेणूंचं तुटणं. पानातली कॅरोटिनॉइड तुटून डॅमॅसिनोन, आयोनोन यांसारखी छोटी, सुवासिक संयुगं बनतात.

तिसरी, ऑक्सिजन आणि सूक्ष्मजीव. डब्यात अडकलेला ऑक्सिजन हळूहळू वापरला जातो आणि नंतर वातावरण बदलतं. झाकण उघडलं की हा सगळा हिशेब मोडतो : नवी हवा आत, सुवासिक संयुगं बाहेर आणि पान कोरडं.

एवढ्यावरून एक अंदाज बांधता येतो. साखर जास्त असलेली व्हर्जिनिया सगळ्यात जास्त बदलायला हवी, बर्ली कमी. पाइपवाल्यांचा अनुभवही हेच सांगतो : जुनी व्हर्जिनिया गडद होते, जिभेला कमी चावते, शिजवलेल्या फळांसारखा वास येतो आणि लाटाकियाचा धुरकटपणा वर्षांगणिक मऊ होतो.

मग दावा सिद्ध झाला का? नाही. अनुभव सिद्धांताशी जुळला एवढंच झालं. माझा हळदीचा आलेखही सिद्धांताशी सुंदर जुळत होता!

डब्यावरचं नाव तेच, आतला माल?

आता दुसरी बाजू. समजा, तुमच्याकडे एकाच नावाचे दोन डबे आहेत, एक १९९० सालचा आणि एक आजचा. फरक लागला तर तो मुरण्याचा, असं आपण धरून चालतो. पण डनहिलचंच उदाहरण घ्या. लंडनच्या या प्रसिद्ध दुकानाच्या ब्लेंडचं उत्पादन १९८१ मध्ये बेलफास्टच्या मरे कंपनीकडे गेलं. तो कारखाना २००५ मध्ये बंद झाला आणि काम डेन्मार्कला गेलं. २०१८ मध्ये डनहिल या नावाने पाइप तंबाखू विकणंच थांबलं आणि पुढे तीच ब्लेंड पीटरसन या नावाने आली. कारखाना बदलला की यंत्रं बदलतात, पानांचे पुरवठादार बदलतात, दाबण्याची पद्धत बदलते.

कधी कृतीच बदलते. थ्री नन्स या जुन्या ब्लेंडमध्ये पूर्वी पेरीक असायची. नंतर तिच्या जागी धुरावर सुकवलेलं केंटकी पान आलं. लाटाकियाचंही तसंच. सीरियातलं पान मिळेनासं झालं आणि आज ब्लेंडमध्ये प्रामुख्याने सायप्रसची लाटाकिया असते. तिचं मूळ पान वेगळं आणि धुरीसाठी जाळलं जाणारं लाकूडही वेगळं.

म्हणजे जुन्या थ्री नन्सचा डबा उघडून कुणी म्हणालं, "बघा, मुरल्यावर कशी झालीय!" तर त्यातला किती भाग मुरण्याचा आणि किती पेरीकचा?

तीन घड्याळं

संशोधनात याला वय, काळ आणि पिढी यांचा गुंता म्हणतात. इंग्रजी पेपरांत पिढीसाठी 'कोहॉर्ट' हा शब्द दिसेल. वय म्हणजे डबा किती वर्षांचा, पिढी म्हणजे तो कुठल्या साली भरला आणि काळ म्हणजे तुम्ही तो कुठल्या साली उघडून मोजला. तिघांचं नातं साधं आहे :

वय = मोजण्याचं साल − भरण्याचं साल

समजा, तुम्ही ४० डबे जमवले आणि सगळे २०२४ मध्ये उघडले. २००४ चा डबा २० वर्षांचा, २०१४ चा १० वर्षांचा. भरण्याचं साल कळलं की वय आपोआप कळतं. दोन रकाने दिसतात, पण माहिती एकच. रिग्रेशनमध्ये दोन्ही घातले तर सॉफ्टवेअर एक रकाना गाळून टाकेल किंवा एरर देईल. ४० चे ४०० डबे केले तरी हेच होणार. हा प्रश्न नमुन्यांच्या संख्येचा नाही, रचनेचा आहे. इथे बरेच जण "सॅम्पल साइझ वाढवू" म्हणतात. मीही म्हणाले होते.

बरं, उलटं करून बघू. एकाच दिवशी भरलेले डबे घ्या आणि दरवर्षी एक उघडा. पिढी आता स्थिर झाली, पण वय आणि मोजण्याचं साल एकत्र अडकले. दहा वर्षांत एचपीएलसीचा कॉलम बदलेल, स्टँडर्डची बाटली बदलेल, मोजणारा विद्यार्थी बदलेल. चव घेणाऱ्या माणसांचं नाकही दहा वर्षांनी म्हातारं होईल.

मग करायचं काय?

एक रचना अशी. एकाच दिवशी, एकाच घाणीचे पुष्कळ डबे भरा. ते ठरलेल्या तापमानाला ठेवा. सुरुवातीला, एका वर्षाने, दोन वर्षांनी, चार वर्षांनी त्यातले काही काढून उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये टाका, म्हणजे त्यांचं वय जवळपास तिथेच थांबेल. शेवटी सगळे एकाच आठवड्यात, एकाच यंत्रावर, चिठ्ठ्या टाकून ठरवलेल्या क्रमाने मोजा. भरण्याचा दिवस एक, मोजण्याचा आठवडा एक, फरक फक्त मुरण्याच्या काळाचा. गोठवण्यामुळे काही बदलतं का, हे वेगळ्या नमुन्यांवर आधी तपासून घ्या.

"चार वर्षं कुठून आणू, फेलोशिप संपेल!" हा प्रश्न रास्त आहे. त्यासाठी तापमान वाढवून मुरणं घाईने घडवता येतं. दर १० अंशांना अनेक अभिक्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, हा ढोबळ नियम. पण सगळ्यांचा वेग सारख्या पटीने वाढत नाही. मेलार्ड धावत सुटेल आणि सूक्ष्मजीव कदाचित मरूनच जातील. घाईने मुरवलेली तंबाखू ही वेळ घेऊन मुरलेल्या तंबाखूची प्रत नसते. निदान दोन-तीन तापमानं घ्या आणि चित्र सारखंच दिसतं का ते बघा.

आणखी तीन खड्डे :

१. उरलेल्यांचा पक्षपात. गंजलेले, सील गेलेले, वाळलेले डबे लोकांनी केव्हाच फेकून दिले. आज हाती येणारा जुना डबा हा टिकलेला डबा आहे. तेवढ्यावरून "जुनं ते चांगलं" म्हणणं सोपं असतं.

२. खोटी संख्या. एका घाणीचे २० डबे म्हणजे २० स्वतंत्र नमुने नव्हेत. घाण एकच, तर त्या अर्थाने नमुनाही एकच. तीन वेगवेगळ्या घाणी घ्या, डबे कमी झाले तरी चालतील.

३. तारीख वाचणारी जीभ. डब्यावर १९९० दिसलं की चव बदलते. चाचणी घेताना तारीख झाकाच. जुन्या पानांवर कधीकधी पांढरे स्फटिक दिसतात, लोक त्यांना साखर म्हणतात. असेलही, पण डोळ्यांनी पाहून ते ठरत नाही, विश्लेषण करावं लागतं.

'चांगली' म्हणजे काय, हेही लिहा

"जुनी तंबाखू सौम्य होते" यातल्या 'सौम्य' शब्दाने फसू नका. चव सौम्य होणं आणि धोका कमी होणं या दोन वेगळ्या मोजण्या आहेत. एनएनएन आणि एनएनके ही तंबाखूतली नायट्रोसमाइन्स माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात आहेत. ती पान सुकवताना, आंबवताना तयार होतात आणि उष्ण जागी साठवल्यास वाढूही शकतात. जिभेला न चावणारा धूर शरीराला निरुपद्रवी नसतो. त्यामुळे प्रपोजलमध्ये "गुणवत्ता सुधारते" असं मोघम लिहू नका. काय मोजणार, कशात मोजणार, ते लिहा.

तुमच्या वहीसाठी

तुमच्या विषयात तंबाखू नसेल. साठवलेलं बियाणं असेल, फ्रीझरमधलं सीरम असेल, हर्बेरियममधली पानं असतील किंवा वेगवेगळ्या वयाची माणसं असतील. "जुने विरुद्ध नवे" अशी तुलना आली की तीन रकाने आखा : कधी तयार झालं, कधी मोजलं, वय किती. दोन रकाने एकमेकांवरून नेमके काढता येत असतील, तर नमुने गोळा करायच्या आधीच थांबा आणि गाइडकडे जा.

मी नंतर एकाच शेतातली, एकाच जातीची, एकाच दिवशी शिजवलेली हळद घेतली आणि पोत्यांवर तारखेसोबत लॉट नंबर लिहायला लागले. कर्क्युमिन खरंच घटतं का, किती घटतं, याचं उत्तर अजून हाती यायचंय. पोती ठेवून चौदा महिने झालेत. या वेळी कमिटीने लॉट विचारला, तर उत्तर आहे.