नाण्यावरचे दुहेरी साल

सेलूच्या बाजारात मोड घेताना एका नाण्यावर साल दुहेरी दिसले आणि ‘दुर्मिळ आहे’ म्हणून कोणी त्याची दहापट किंमत सांगितली, तर द्याल का? आधी भिंग घ्या.

टाकसाळीत नाणे दोन पोलादी ठशांमध्ये दाबून उमटवतात. ठशावरची अक्षरे उलटी व खोलगट असतात. ती उमटवण्यासाठी उठावाचा मूळ ठसा कोऱ्या पोलादावर दाबतात. पूर्वी एका दाबाने काम भागत नसे. पोलाद तापवून मऊ करीत व पुन्हा दाबीत. त्या वेळी मूळ ठसा किंचित फिरला, की अक्षरे दुहेरी! मग त्या ठशाचे प्रत्येक नाणे तसेच. १९५५ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या टाकसाळीतून असे हजारो सेंट बाहेर पडले.

पण नाणे उमटताना सैल ठसा घसरला, तरी अक्षरे दुहेरी भासतात. अशा वेळी अक्षराच्या कडेला चपटी पायरी दिसते. संग्राहक याला फारसे मोल देत नाहीत.

मग ओळखायचे कसे? नाणे घासू नका. त्याच सालाची, त्याच टाकसाळीची नाणी जमवा. सालाखाली चौकट ही मुंबईची खूण, तारा हैदराबादची. चपटी पायरी नसून दुहेरी अक्षरे दुसऱ्या नाण्यावरही तंतोतंत तशीच आढळली, तर दोष ठशातला समजा.