सेव्हन आयर्न किती लांब मारतं?

गोल्फच्या फटक्याबद्दल कोल्हापूरसारख्या कुस्तीच्या गावात पहिली शंका ताकदीची येते. गडी तोच, खांदे तेच. मग एका क्लबनं, म्हणजे काठीनं, चेंडू अडीचशे यार्ड आणि दुसऱ्यानं जेमतेम शंभर का?

उत्तर कोनात आहे. क्लबचं तोंड उभ्या रेषेपासून जितकं मागं कलतं, तो त्याचा लॉफ्ट: ड्रायव्हरचा साधारण १० अंश, सेव्हन आयर्नचा तिशीच्या आसपास, पिचिंग वेजचा ४५. कल वाढला की फटक्याचा जोर चेंडू पुढं ढकलण्याऐवजी तो उचलण्यात आणि उलटा फिरवण्यात जातो. शिवाय ड्रायव्हरची दांडी ४५ इंचांची, वेजची त्याहून बरीच आखूड. दांडी लांब, तसा टोकाचा वेग जास्त.

अमेरिकेच्या पीजीए टूरवरचे पुरुष ड्रायव्हरनं हवेतून सुमारे २८० यार्ड मारतात, सेव्हन आयर्ननं १७५, पिचिंग वेजनं १४०. हौशी पुरुषाचा ड्रायव्हर दोनशेच्या आगेमागे. गंमत म्हणजे टूरवर हे तिन्ही चेंडू जवळपास सारखेच, तीसेक यार्ड उंच चढतात. फरक उतरण्यात आहे. ड्रायव्हरचा चेंडू तिरका येऊन पळत सुटतो, वेजचा वरून पडून थांबतो. आणि भोकाभोवतीच्या हिरवळीवर थांबणंच तर हवं असतं! नुसत्या लांबीवर सगळं ठरत नाही: २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकला भारताची गोल्फपटू अदिती अशोक चौथी आली, आणि ती तिथल्या कमी लांब मारणाऱ्या खेळाडूंपैकी एक होती.

क्लबवर कोरलेल्या आकड्याला मात्र कुठलंही बंधन नाही. जुन्या सेव्हन आयर्नचा लॉफ्ट ३५ अंशांच्या घरात असे. आज काही कंपन्या २८-२९ अंशांचं विकतात. म्हणजे जुनं फाइव्ह आयर्नच, नाव तेवढं नवं. गिऱ्हाईक लांबीवर खूश! विकत घेताना आकडा नव्हे, अंश विचारावेत. घडीव आयर्न असेल तर एक-दोन अंश वाकवूनही घेता येतं. ओतीव आणि घडीव यांतला फरक उद्यमनगर-शिरोलीच्या फाउंड्रीतल्या माणसाला वेगळा सांगायला नको.

राहिली हवा. मुंबईत चेंबूरचं बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबचं मैदान जवळजवळ समुद्रसपाटीला, कोल्हापूर साडेपाचशे मीटरच्या आसपास. इथली हवा विरळ, म्हणून दोनशे यार्डांच्या फटक्याला चार-पाच यार्ड फुकट मिळावेत. जुलैत मात्र ओल्या जमिनीवर चेंडू पडेल तिथंच रुततो, आणि मिळालेलं सगळं व्याजासकट परत जातं.