बिनतारी टपाल

नागपूरच्या दक्षिणेस, विमानतळाला लागून, मिहान ही नवी उद्योगनगरी वसली आहे. तेथे संगणकावर काम करणाऱ्या कंपन्यांच्या कचेऱ्या आहेत. ‘एम्स’ हे मोठे रुग्णालयही आहे. समजा, अशा रुग्णालयातील एका डॉक्टरांना संगणकावरील क्ष-किरण चित्र शेजारच्या खोलीतील डॉक्टरांच्या मोबाईलवर पाठवावयाचे आहे. मध्ये तार नाही, भिंत मात्र आहे. मग ते चित्र जाते कसे?

बिनतारी लहरी भिंतीतून पार जातात, हे जगदीशचंद्र बसू यांनी १८९५ साली कोलकात्यात पलीकडची घंटा वाजवून दाखविले होते. ‘ब्लूटूथ’च्या लहरीही त्याच कुळातल्या. त्या एका सेकंदात सुमारे २४० कोटी आंदोलने घेतात.

संगणकात प्रत्येक चित्र ० आणि १ या दोनच अंकांनी लिहिलेले असते. चित्र पाठविताना संगणक त्या अंकांची लहान लहान गाठोडी बांधतो. प्रत्येक गाठोड्यावर क्रमाची खूण आणि पडताळ्याची संख्या असते. गाठोडे हाती येताच मोबाईल तोच हिशेब स्वतः करून पाहतो. संख्या जुळली, तर पोच देतो. पोच आली नाही, तर संगणक ते गाठोडे पुन्हा पाठवितो. म्हणूनच चित्र जसेच्या तसे पोहोचते. हाडावरची बारीकशी भेगही त्यातून गळत नाही.

परंतु लहरी चहूंकडे पसरतात; त्या परक्या यंत्रापर्यंतही जातात. रुग्णाचे चित्र भलत्याच्या हाती पडले तर? यासाठी दोन्ही यंत्रे आधी एकमेकांची ओळख पटवितात. दोन्ही पडद्यांवर एक आकडा उमटतो. तो सारखाच आहे, असे दोघांनीही पाहून होकार दिला, म्हणजे त्या दोन यंत्रांपुरती एक गुप्त किल्ली पक्की होते. मग गाठोडी जणू कुलूप लावूनच निघतात. परक्या यंत्राने ती पकडली, तरी त्याला ती वाचता येत नाहीत.

मुलांनो, अंक मोजण्याचे काम यंत्र चोख करते. पण पलीकडे कोण आहे, हे ओळखण्याचे काम माणसाचेच आहे. दारावर थाप पडली, की आपण आधी ‘कोण आहे?’ असे विचारतो. अनोळखी यंत्राने फाईल देऊ केली, तरीही तसेच विचारावे. उत्तर मिळाले नाही, तर दार उघडू नये.